मालकांची झोप

आमच्या घरमालकांना मी सहा वर्षं ओळखत होतो, पण त्यातला निम्मा काळ ते झोपलेले होते. निदान आम्हा सगळ्यांची तशी समजूत होती.

साताऱ्याला बदली झाली तेव्हा खोली शोधत मी एमआयडीसीच्या पाठीमागच्या एका वसाहतीत जाऊन पोहोचलो. घर नवंच होतं, वरच्या मजल्याला बाहेरून अजून गिलावा झालेला नव्हता. दिवस कलला होता आणि मालक पायरीवर बसून मिश्री लावत होते. मला वाटलं, काय आळशी माणूस आहे, दिवसभरात दात घासायला सवड झाली नाही. ती त्यांची सकाळ होती हे नंतर कळलं. माणूस धिप्पाड, पण अंगाचा रंग उडालेला. वर्षानुवर्षं ऊन न लागलेली कातडी पांढुरकी पडते तशी ती होती, आणि चेहरा मात्र भट्टीच्या झळेनं तांबूस. चूळ भरून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि भाड्याबिड्याचं काही न बोलता विचारलं,

“तान्हं पोर हाय का?”

“नाही. मुलगा आहे, तो सांगलीला कॉलेजात असतो.”

“जिना चढताना चप्पल हातात घ्याल?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“घ्याल का न्हाई त्येवढं सांगा. मगच खोली दावतो.”

लॉजवर राहून माझा जीव मेटाकुटीला आला होता. मी ‘घेईन’ म्हणालो. बाकीची बोलणी जिन्यातच उरकली. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “घर घेतलंयत की देऊळ?” पण महिन्याभरात तीही चप्पल हातात घेऊन जिना चढायला लागली.

मालक एका फौंड्रीत भट्टीवर होते. रात्री वीज स्वस्त पडते म्हणून भट्टी रात्री पेटायची, आणि भट्टी रात्रीची म्हणून मालकही रात्रीचे. आटपाडीकडचा हा गडी ऐन तारुण्यात साताऱ्याला आला तेव्हा बेत असा होता, की दोन-तीन वर्षं रातपाळी मारायची, तिचा जादा भत्ता गाठीला लावायचा, चार भिंती उभ्या करायच्या आणि मग माणसासारखं दिवसा कामावर जायचं. भिंती उभ्या राहिल्या, मुलगी मोठी झाली, मुलगा मोठा झाला, रातपाळी तशीच राहिली. इतरांच्या पाळ्या बदलायच्या, ह्यांची कायमची. ज्याला रात्र नको असेल तो ती ह्यांच्या गळ्यात घालून मोकळा व्हायचा. आणि हे नाही म्हणायचे नाहीत. वर मला सांगायचे, “दिवसाची झोप म्हंजी शिळी भाकरी, सायेब. पोट भरतं, पर चव न्हाई.”

ह्या शिळ्या भाकरीसाठी घरात जे सोहळे चालत ते मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत. मालकांच्या खोलीच्या खिडकीच्या काचा काळ्या रंगानं रंगवलेल्या होत्या आणि त्यावर आतून वाकळ टांगलेली. दारांच्या बिजागऱ्यांना दर आठवड्याला तेल. देव्हाऱ्यातल्या घंटेच्या लोलकाला चिंधी गुंडाळलेली, त्यामुळे पूजा करताना ती नुसती हलायची, वाजायची नाही. सकाळी मालक आले की गरम पाण्यानं आंघोळ करून जेवायचे, म्हणजे ते त्यांचं रात्रीचं जेवण. रविवारी आमच्याकडे पोह्यांना फोडणी पडत असायची आणि खालून मटणाच्या रश्शाचा वास यायचा. जेवून ते आत गेले की त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, दार लोटून घ्यायच्या, आणि तिथून सांज होईपर्यंत त्या घरात कुणी तोंडानं बोलत नसे. मुलगा-मुलगी ओठ हलवून आणि बोटं दाखवून बोलत. मीठ पाहिजे असेल तर चिमूट दाखवायची, पाणी पाहिजे असेल तर अंगठा. मुलीला खोकला झाला की ती उशीत तोंड खुपसून खोकायची. भाजीची पाटीसुद्धा आमच्या दारात आली की मुकी व्हायची, कारण शेजारी राहणारे पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावत, “आवाज बंद! अंदर आदमी सोया है!” त्यांना दुसरं काही काम नव्हतं, आणि पहारा देण्याची सवय तर होतीच.

एकदा माझे मेव्हणे दुपारचे आमच्याकडे आले. खालून वर आले ते चेहरा पाडून. हळूच मला म्हणाले, “खाली कोण गेलं?” कुणी गेलं नाही, मालक झोपलेत, हे त्यांना पटवताना मला घाम फुटला.

पण हीच माणसं संध्याकाळनंतर निराळी व्हायची. कंपनीची बस मालकांना घेऊन वळणावरून दिसेनाशी झाली की खाली कुकर चढायचा आणि सुटल्यासारखा शिट्ट्या मारायचा. टीव्ही लागायचा. मुलगा आईची नक्कल करायचा, मुलगी खिदळायची, वहिनी “मेल्यांनो, पोटात दुकतंय, गप बसा” म्हणून ओरडायच्या. दिवसभर आवळून धरलेलं सगळं तेव्हा बाहेर पडायचं. आम्ही वर बसून ते ऐकायचो आणि आम्हालाही बरं वाटायचं. मालकांनी ते कधी ऐकलं नव्हतं. ते घरात असले की घर मुकं, आणि घर बोलू लागलं की ते भट्टीपाशी. आपलं घर हसतं कसं, हे त्या घराच्या मालकाला ठाऊक नव्हतं, आणि ही गोष्ट इतकी उघड्यावर होती की आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नाही.

मुलीला पाहायला आष्ट्याची माणसं आली, ती मालकांच्या सुट्टीच्या दिवशी. मालक कोपऱ्यात लाल डोळ्यांनी बसले होते. पाहुण्यांनी मुलीला नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मुलगी उत्तरं देत होती, पण पाहुण्यांना नुसते ओठ हलताना दिसत होते. शेवटी मुलाच्या आजीनं पदर सावरून थेट विचारलं, “पोरीच्या गळ्याला काय झालंय व्हय?”

वहिनींचा चेहरा उतरला. मालक मात्र ताठ होऊन म्हणाले, “काय बी झालं न्हाई. आमच्या घरात वरडून बोलायची पद्धत न्हाई.” आणि हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले, की वर आमच्या खोलीत ऐकू आलं. भट्टीच्या घरघराटात बोलून बोलून त्यांचा आवाज तसाच झाला होता. म्हातारीला ते उत्तर आवडलं असावं. अशी सून शोधूनही सापडायची नाही, असं तिनं मनात म्हटलं असेल. लग्न ठरलं.

मालकांना खरी झोप लागत नाही, हे मला अगदी अचानक कळलं. मला ताप आला होता म्हणून कचेरीत न जाता पडून होतो. बायको औषध आणायला गेली होती, आणि वहिनी खाली परसात धुणं करत होत्या, म्हणजे कपडे न आपटता नुसते चोळत होत्या. दारात कुणाची तरी सावली पडली. पाहतो तर मालक, अनवाणी, चोरासारखे.

“झोप झाली?” मी विचारलं.

ते माझ्या उशाशी बसले. त्यांनी हाताच्या रेषा चोळल्या. मग म्हणाले, “सायेब, कुनाला सांगू नगा. मला झोप लागत न्हाई. लागली तर तासभर. मग टक्क. डोळं मिटून पडून ऱ्हातो.”

“मग उठायचं, बाहेर येऊन बसायचं.”

“कसं यायचं? पोरं बोटानं बोलत्यात माझ्यापायी. मंडळी परसात जाऊन शिंकती. त्येंनी येवढं जपायचं आन मी भाईर येऊन म्हनायचं, आवं, मी जागाच हाय? काय वाटंल त्यास्नी?”

मला त्या माणसाचा राग आला आणि कीवही आली. दिवसभर अंधाऱ्या खोलीत वाकळ पाहत जागं पडायचं, कशासाठी, तर आपल्याला झोप लागते हा घरच्यांचा विश्वास मोडू नये म्हणून. मी त्यांना डॉक्टरकडे जा म्हणालो. ते ‘बघू’ म्हणाले आणि आले तसे भिंतीला धरून खाली गेले.

त्याच बसण्यात त्यांनी आईची गोष्ट सांगितली. मी येण्याआधीची ती गोष्ट. त्यांची आई आटपाडीजवळच्या गावी वारली. निरोपाचा फोन सकाळीच आला, मालक नुकतेच आत जाऊन पडले होते. वहिनींनी फोन घेतला, तोंडात पदर कोंबला आणि पोरांना जवळ घेऊन ठरवलं, की रातभर भट्टीपाशी उभा राहिलेला माणूस आहे, लांबचा प्रवास करायचाय, चार घटका झोपू दे, मग उठवू. उठवलं ते दुपार उलटल्यावर. मालक गावी पोहोचले तेव्हा चुलत भावानं अग्नी दिला होता आणि माणसं परत फिरली होती. थोरला लेक साताऱ्यात झोपलेला आहे, असं तिकडे सगळ्यांना कळलं होतं.

“झोपलो कुटं हुतो, सायेब?” मालक म्हणाले. “फोन वाजला त्यो ऐकला. मंडळीचं हुंदकं ऐकलं. कायतरी झालंय कळत हुतं. पर कुनी हाक मारीना. म्हनलं, मोठं काय असतं तर हाक मारली असती. पडून ऱ्हायलो हाक मारायची वाट बघत.”

“वहिनींना हे सांगितलंत?”

“न्हाई वो. ती बिचारी अजून म्हनती, तुमच्या झोपंपायी मी पाप केलं. तिला सांगू, की मी जागा हुतो म्हनून? दोगांचं बी काळीज फाटंल.” त्यांनी एवढंच केलं होतं, की वहिनींना बजावलं होतं, पुन्हा असं काही झालं तर मला उठवायचं.

पण वहिनींना सगळं नाही तरी अर्धं ठाऊक होतं. त्याच वर्षी पावसाळ्यात कधीतरी त्या माझ्या बायकोजवळ बोलल्या, “मला काय कळत न्हाई व्हय? भाईर बसून मी त्येंची कूस मोजती. झोपल्याला मानूस येवढ्या कुशी बदलतोय का? पर त्येंनी पांघरून घेतलंय, तर म्हनायचं झोपल्यात.” म्हणजे एकजण झोपेचं सोंग घेत होता आणि दुसरी ते सोंग खरं मानल्याचं सोंग घेत होती, आणि ह्या दोन सोंगांसाठी सगळी गल्ली तोंड शिवून बसली होती. हे प्रेमच होतं, त्याला दुसरं नाव मला सुचत नाही. पण त्या प्रेमात माणसं झिजत होती.

पुढं मालकांच्या पायाच्या जखमा भरेनात. भट्टीची ठिणगी उडून भाजलं तरी त्यांना कळायचं नाही, घरी येऊन बूट काढल्यावर दिसायचं. वसाहतीतल्या तरुण डॉक्टरनं शुगर काढली आणि कपाळाला हात लावला. रातपाळी बंद करा म्हणाला. अवेळी जेवण, झोप नाही, ह्या रोगाला रोज खतपाणी घालताय म्हणाला. मुलीचं लग्न तोवर होऊन गेलं होतं. मुलगा हट्टाला पेटला, वहिनी रडल्या, सुभेदार स्वतः कंपनीच्या गेटवर जाऊन आले, आणि काय चमत्कार, मालकांना पहिली पाळी मिळाली. सकाळी जायचं, दुपारी घरी, रात्री झोप. वहिनींनी गल्लीत साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली.

आम्हाला वाटलं, सुटले सगळे. मला आठवतं, पहिल्या संध्याकाळी मालक बाहेरच्या खोलीत नवा लेंगा घालून पाहुण्यासारखे बसले होते. दिवा लावायची वेळ, बाहेर पोरं खेळतायत, आणि ते घरात. सुट्टी नसताना, कित्येक वर्षांनी. त्यांनी मुलाला विचारलं, “काय चाललंय?” मुलानं ओठ हलवून काहीतरी सांगितलं. वहिनींनी बोटानं खुणावून त्याला ताटं घ्यायला लावली. टीव्ही लावला तो आवाज बंद करून, चित्रं हलत राहिली. कुकरऐवजी उघड्या पातेल्यात भात शिजला. बाप घरात असताना कसं वागायचं हे त्या मुलाला लहानपणापासून एकाच रीतीनं शिकवलेलं होतं, आणि बाप जागा आहे की झोपलेला, याचा त्या रीतीशी संबंध उरला नव्हता. पूर्वी संध्याकाळी तरी घर हसायचं. आता मालक संध्याकाळीही घरात होते, त्यामुळे आठही प्रहर ते घर मुकं झालं. आमच्याकडे वर आता खालून काहीच ऐकू येईना.

आठवडा गेला, पंधरवडा गेला. एके दिवशी मालकांचा आवाज वरपर्यंत आला. “मोठ्यानं बोला! काय खुसूखुसू चाललंय? माज्यापासनं काय लपवताय?”

मी खाली धावलो. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. वहिनी म्हणत होत्या, “आवं, काय न्हाई वो, तेल संपलंय म्हनून सांगत हुते.” तेही त्या कुजबुजतच म्हणत होत्या.

“तेल संपलंय ह्ये कानात सांगायची गोष्ट हाय?”

त्यांना खरंच तसं वाटत होतं. जमिनीचं काही आहे, मुलीच्या सासरचं काही आहे, आपल्या आजाराचं काही आहे, घरातली माणसं आपल्याला वगळून कसली तरी मसलत करतायत. मी त्यांना समजावलं, की ही सवय आहे, दुसरं काही नाही. वहिनींनी देवाची शपथ घेतली. मुलानं घसा खाकरून मोठ्यानं ‘तेल संपलंय’ असं म्हणून दाखवलं, पण ते इतकं खोटं वाटलं की पुन्हा कुणी तसा प्रयत्न केला नाही.

दिवाळसणाला मुलगी जावयाला घेऊन आष्ट्याहून आली. मालक सांजेला सुभेदारांकडे बसायला गेले होते. जाताना म्हणाले, जेवायला येतो. त्यांना उशीर होईल असं समजून खाली मैफल जमली, माझी बायकोही तिथंच होती. जावई गमत्या होता. मुलगी मोठमोठ्यानं हसत होती, अन् लग्नात जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता त्या आपल्या बायकोकडे जावई डोळे फाडून बघत होता. मी गॅलरीत उभा होतो. मालक गल्लीतून आले आणि आपल्याच पायरीशी थांबले. आत वहिनी बोलत होत्या, कसली तरी माहेरची गोष्ट, आणि सगळे हसत होते. मालक बाहेर उभे राहून ऐकत होते. त्यांच्या तोंडावर मी तेव्हा जे हसू पाहिलं तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. ते तसेच किती तरी वेळ उभे राहिले. मग न राहवून ते दारात गेले, त्यांनाही त्या हसण्यात बसायचं असणार.

ते आत गेले आणि आवाज बंद झाला. कुणी मुद्दाम केलं नाही. वहिनींनी बोलता बोलता ओठ मिटले, मुलीनं हात तोंडावर नेला. जावई एकटाच दोन शब्द बोलला आणि सगळ्यांकडे पाहून तोही गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी मालक माझ्याकडे आले. “पुना रातपाळी मागून घेतली,” म्हणाले.

“वेड लागलंय का मालक? डॉक्टर काय म्हणाला होता?”

“त्येला काय कळतंय.” ते शांत होते. “सायेब, मी रातीचा नसलो की माझं घर नांदतं. काल कानानं ऐकलं. माझी पोर हसती, मला म्हाईत नव्हतं. मी घरात बसलो की ती सगळी मेल्यागत हुत्यात. त्येंचा काय दोष न्हाई. मीच त्यास्नी तसं केलंय. आता त्यांनी कवा हसायचं?”

मी खूप बोललो. तुम्हीही हसत जा म्हणालो, हळूहळू बदलेल म्हणालो. ते मान हलवत ऐकत होते. मला वाटतं, उन्हात चालायची सवय गेलेल्या माणसासारखं त्यांना त्या घरात रात्री बसायला भ्यायला होत होतं. सोमवारपासून कंपनीची बस पुन्हा संध्याकाळी त्यांना न्यायला लागली. आणि खाली, काही दिवसांनी का होईना, कुकरच्या शिट्ट्या वाजायला लागल्या. त्या ऐकून मला आता बरं वाटेनासं झालं.

डॉक्टर संतापला. पण संतापून करणार काय? त्यानं गोळ्या बदलून दिल्या, जोराच्या. वहिनींना समोर बसवून सांगितलं, की ह्या गोळ्या घेऊन उपाशी झोपायचं नाही. घाम सुटला, बोलणं जड झालं, उठवून उठत नाहीत असं वाटलं, तर साखर उतरली समजायचं, तोंडात साखर घालायची आणि लगेच आणायचं. वहिनींनी ते माझ्या बायकोला येऊन शब्दन् शब्द सांगितलं. आपण विसरलो तर दुसऱ्या कुणाला तरी आठवावं म्हणून.

तो दिवस थंडीचा होता. मला सुट्टी होती. मालक सकाळी आले ते फार थकून. भट्टीचं काहीतरी बिघडलं होतं, रात्रभर उभं राहावं लागलं होतं. जेवण नको म्हणाले, नुसत्या चहाबरोबर गोळी घेतली आणि आत जाऊन पडले. ‘दोन घास खावा’ म्हणून वहिनी मागे गेल्या, तर म्हणाले, उठल्यावर खातो.

दुपारी वहिनी जिना चढून वर आल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. बायकोचा हात धरून कुजबुजल्या, “घोरत्यात!”

आम्हाला आधी कळेना. मग आम्हीही कान दिला. खालून खरंच घोरणं येत होतं, संथ, खोल, एका लयीतलं.

“किती वर्सांनी!” वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. “आज खरी झोप लागलीया बघा. कूस बी बदलली न्हाई.”

मला इतका आनंद झाला, की मी बनियनवरच गॅलरीत गेलो आणि खाली बसलेल्या सुभेदारांना खूण करून सांगितलं. सुभेदारांनी अंगठा वर केला. तेवढ्यात भंगारवाला गाडा ढकलत येत होता, त्याला त्यांनी पार मागच्या रस्त्यानं वळवला. एका घरात मिक्सर चालू होता तो बंद करायला लावला. सबंध गल्ली त्या दिवशी त्या घोरण्याला जपत होती, आणि मनातून सगळे खूश होते.

पुढचं वहिनींनीच नंतर सांगितलं. त्या मधे एकदा बघायला गेल्या. कपाळावर घाम दिसला. वाटलं, वाकळ जड झाली असेल, म्हणून एक काढून घेतली. मग डॉक्टरचं बोलणं आठवलं. त्यांनी खांद्याला धरून हलवलं. “आवं, उठा वो. आवं.” सासू गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्या नवऱ्याला झोपेतून उठवत होत्या. मालकांनी डोळे उघडले नाहीत, पण बोलले. जड जिभेनं म्हणाले, “झोपू दे गं. लय दिसानं लागलीया.”

वहिनींनी हात काढून घेतला. साखरेची वाटी त्यांनी आणून ठेवली होती, ती घेऊन त्या उशाशी बसून राहिल्या. बोलले म्हणजे शुद्धीवर आहेत, असं त्यांना वाटलं. जागं केलं तर पुन्हा झोप लागणार नाही, असंही वाटलं. मग घोरणं हळू होत गेलं, तेव्हा त्यांना वाटलं, झोप आणखी गाढ झाली.

त्यांच्या उठायच्या वेळेला ते उठले नाहीत. आम्ही सगळे मिळून त्यांना रिक्षात घातलं. सुभेदार वाटेत त्यांच्या कानाशी ओरडत होते, मुलगा ओरडत होता. मोठ्या दवाखान्यात दोन दिवस नळ्या लावून ठेवलं. मालक काही बोलले नाहीत, डोळेही उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना घरी आणलं ते नेण्यासाठीच.

सगळं आटोपून पाहुणे पांगल्यावर एका दुपारी मी आणि बायको खाली वहिनींजवळ बसलो होतो. मुलगी आष्ट्याहून येऊन राहिली होती, ती आत भांडी लावत होती. वहिनींनी मान वर केली.

“डाक्टर मला म्हनला, मावशी, ती झोप न्हवती, बेशुद्धी हुती. साखर उतरत गेली आन ते खाली खाली जात हुते म्हनला. तुमी उठवायला पायजे हुतं म्हनला.” मग माझ्या बायकोकडे बघून म्हणाल्या, “मी उठवलं की वो. त्येंनीच ‘झोपू दे’ म्हनलं. जल्मात त्येंनी माज्याकडं दुसरं काय मागितलंय?”

बायकोनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वहिनींनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

“भावजी, तुमी शिकल्याली मानसं. तुमी त्या दिवशी घरातच हुता. डाक्टर काय बी म्हनू दे. सुरवातीला तरी, घटकाभर तरी, त्येंना खरी झोप लागली असंल न्हवं?”

डॉक्टरला मीही भेटलो होतो. मी त्याला हेच विचारलं होतं आणि त्यानं मला उत्तरही दिलं होतं.

“लागली होती, वहिनी,” मी म्हणालो. “मी स्वतः घोरणं ऐकलं ना.”